पाण्याच्या तारखेचे गणित

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्री परिसरातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. २०८ किलोमीटर लांबीचा कालवा एक, त्यावरच्या चाऱ्या अनेक. सगळ्यांना एकाच वेळी पाणी देता येत नाही, म्हणून ते आळीपाळीने फिरते. मोसंबीच्या बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न एवढाच असतो : आपल्याकडे पाणी कधी येणार?

सेवा देणारा एक आणि रांगा अनेक, या स्थितीचा गणितात स्वतंत्र अभ्यास होतो. यंत्रांभोवती फेरी मारत ती सांभाळणाऱ्या एकट्या कामगाराचे असे गणित ब्रिटनमध्ये १९५७ साली मांडले गेले. कालव्याचे पाणी हाही असाच फिरता कामगार आहे.

समजा, चारीला दर २० दिवसांनी पाणी मिळते. बागेची गरज कोणत्याही दिवशी निर्माण होऊ शकते, म्हणून सरासरी १० दिवस वाट पाहावी लागते. आता पाणी एकदा १० दिवसांनी आणि एकदा ३० दिवसांनी आले, तर कागदावर आवर्तने तेवढीच राहतात. पण ४० पैकी ३० दिवस लांबलेल्या खंडात मोडतात आणि गरजही बहुतेकदा तिथेच पडते. सरासरी प्रतीक्षा साडेबारा दिवसांवर जाते. ज्याचे नशीब वाईट, तो महिनाभर थांबतो. तोवर झाडाने फळे गाळलेली असतात.

‘आवर्तने वाढवा’ ही मागणी म्हणून अपुरी आहे. प्रत्येक वेळी कोरडी चारी आधी स्वतः पाणी पिते, मग ते शेतात पोहोचते. तेवढ्याच पाण्यात फेऱ्या वाढवल्या, तर जास्त पाणी वाटेतच मुरते. वरच्या शेतकऱ्याने ‘माझे पुरते भिजू दे’ म्हणत दार उघडेच ठेवले, तर टेलच्या शेतकऱ्याची प्रतीक्षा आणखी लांबते.

यावरचा उपाय आपल्याकडे जुनाच आहे : शेजपाळी. टेलपासून सुरुवात करायची, प्रत्येकाला ठरलेला वेळ द्यायचा आणि पुढच्याकडे जायचे. त्यात आवर्तनाची तारीख आधी जाहीर करण्याची आणि ती पाळण्याची शिस्त हवी. धरणात पाणी किती, हे पावसाच्या हाती आहे. ते कोणत्या दिवशी येणार, हे मात्र माणसांनी ठरवायचे असते. तारीख पक्की असेल, तर शेतकरी विहिरीतले उरलेसुरले पाणी त्या दिवसापर्यंत पुरवून वापरू शकतो.