खडूची सहा मीटर रेघ

नववीच्या वर्गात पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा संपवून आम्ही खडू खाली ठेवला, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला. "सर, पुस्तकात लिहिलंय, जलजला भूपट्टांच्या कडेला होतो. मग माझ्या नानीच्या गावाला कुठली कड होती?"

नानीचे गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा नानी ढिगाऱ्यातून जिवंत निघाल्या. घरातली बाकीची माणसे निघाली नाहीत. अशा प्रश्नाला "पुढच्या वर्षी शिकाल" म्हणणे आम्हाला जमले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना व्हरांड्यात नेले आणि फरशीवर ६ मीटर ३७ सेंटीमीटरची रेघ ओढली. एका किलोमीटरला एक मिलिमीटर. एक टोक म्हणजे आपण उभे आहोत ती जमीन, दुसरे पृथ्वीचा मध्य. वाचकांनीही घरी ओढून पाहावी. अंगण नसेल तर गच्ची चालेल. जमिनीखालचे भूकवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड, म्हणजे रेघेवर दोन बोटे. आपल्या विहिरी, बोअर, खाणी सगळे त्यात. रशियात कोला येथे माणसाने सर्वात खोल भोक पाडले, ते १२ किलोमीटर. रेघेवर पाहा, नखाएवढेही नाही. त्याखाली २,९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण, पुढे ५,१५० पर्यंत वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा आणि शेवटी घट्ट अंतर्गाभा. तिथली उष्णता भयंकर, पण दाबही असा की लोखंड वितळू शकत नाही.

मुलांना वाटते, कवचाखाली सगळीकडे लाव्हा उकळतो आहे. शिकल्यासवरल्या मोठ्यांनाही वाटते. तसे नाही. प्रावरण हा घट्ट खडकच आहे. रस्त्यावरचे थंड डांबर आठवा: हातोडा मारला तर तुकडा उडतो, पण पिंप आडवे पडून राहिले तर तेच डांबर महिनोन्महिने हळूहळू पसरते. प्रावरणाचा खडकही लाखो वर्षांत असाच सरकतो.

इतक्या खोल कोणी गेले नाही, मग कळले कसे? भूकंपामुळेच. १२ जून १८९७ ला आसामात मोठा भूकंप झाला. त्याच्या लहरी दूर युरोपातल्या यंत्रांवर उमटल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या नोंदींत लहरींचे वेगवेगळे प्रकार ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. गाभ्यापाशी त्या अडतात, म्हणून तिथे द्रव आहे हे समजले. त्या द्रवाच्याही आत घट्ट गोळा आहे, हे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी दाखवले. हे नाव आम्ही फळ्यावर मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहितो.

आता नानीचे गाव. कवच आणि प्रावरणाचा वरचा ताठ भाग मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीचे भूपट्ट बनतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. जुम्म्याला आपण नखे काढतो, ती वर्षभरात जेवढी वाढतात जवळजवळ तेवढेच. पाच कोटी वर्षे तो आशियाला रेटतो आहे. त्यातूनच हिमालय उभा राहिला. खरी कड तिथे आहे. ८ ऑक्टोबर २००५ ला, रमजानच्या सुरुवातीला, काश्मीरचा जलजला झाला तो त्याच कडेवर. शाळा भरलेल्या होत्या. हजारो मुले वर्गांतच गेली.

पण ढकललेल्या टेबलाचा ताण फक्त कडेवर राहत नाही, मधल्या जुन्या चिरेवरही येतो. भूपट्टाच्या पोटातही अशा पुरातन भेगा आहेत. मराठवाड्याच्या काळ्या खडकाखाली अशीच एक भेग सरकली, रेघेवर पहिल्या सेंटीमीटरच्या आसपास. तोवर तो भाग नकाशात सर्वात कमी धोक्याचा होता.

किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपास, काश्मीरचा ७.६. ऊर्जेचा फरक शंभरपटीहून जास्त. तरी किल्लारीत आठ ते दहा हजार माणसे गेली. कारण घरे. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, वर मातीचे जड माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांशी धरणारे काही नव्हते. हादऱ्याने दोन्ही पदर सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आले.

भेग कधी सरकेल ते सांगता येत नाही. भिंतीचे मात्र आपल्या हातात आहे. जुन्या दगडी घरावर मजला चढवायचा असेल तर आधी मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा: भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर आहेत का? आणि दारा-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींना बांधणारा सिमेंट-लोखंडाचा सलग पट्टा आहे का? "आमचे घर शंभर वर्षे उभे आहे" हे उत्तर धरू नका. किल्लारीची घरेही जुनीच होती.

त्या मुलीने घरी हे सांगितले. तिच्या मामूंचे वरच्या खोलीचे काम पुढच्या महिन्यात सुरू होणार होते. ते आता थांबवले आहे. आधी पट्टा घालून घेणार आहेत. नानी म्हणाल्या, पट्टा पडेपर्यंत आपण अंगणातच झोपू.