अ‍ॅप्रन आहे, गॉगल कुठाय?

गोव्याला निघालात की बॅगेत सगळ्यात आधी काय पडतं? गॉगल. ऊन असो नसो, फोटोसाठी तरी तो लागतोच. आता खरं सांगा, या वर्षात केमिस्ट्रीच्या किती प्रॅक्टिकल्सना तुम्ही डोळ्यांवर काही चढवून टेबलाशी उभे राहिलात? नंबरचा चष्मा असलेल्यांनी हात वर करू नका, तो धरायचा नाही. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि उडालेला थेंब समोरूनच येईल असं कोणी लिहून दिलेलं नाही.

अ‍ॅप्रनचं मात्र आपल्याकडे फार मनावर घेतात. अ‍ॅप्रन नाही तर लॅबमध्ये एन्ट्री नाही. मग आधीच्या बॅचमधल्या मित्राचा घामट अ‍ॅप्रन दारातच अंगावर चढतो, बटणं उघडी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हजेरी लागते, काम झालं. पायात पावसाळ्यातले फ्लोटर्स, वर्गमैत्रिणीची ओढणी बर्नरच्या ज्योतीपासून वीतभर अंतरावर, पण अ‍ॅप्रन आहे ना! अ‍ॅप्रन हा युनिफॉर्म होऊन बसलाय. तो कशापासून वाचवतो हे फारसं कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. लॅबमधली सुरक्षितता आपण शिस्तीच्या खात्यात टाकली. नखं कापा, रांगेत चला, अ‍ॅप्रन घाला, तसलंच काहीतरी. खरं तर ती केमिस्ट्रीच्या खात्यातली गोष्ट आहे. काय उडेल, कशामुळे पेटेल, कुठला वायू कुठे जाऊन बसेल, हे कळणं म्हणजेच तो प्रयोग कळणं. ज्याला हे सांगता येत नाही त्याचं रीडिंग १०.२ मिली अगदी बरोबर आलं असलं, तरी त्याला प्रयोग कळलेला नाही, असं मी म्हणेन.

व्हायवाचा ठरलेला प्रश्न घ्या. अ‍ॅसिडमध्ये पाणी की पाण्यात अ‍ॅसिड? उत्तर बडबडगीतासारखं पाठ. पण 'का?' म्हटलं की अर्धा वर्ग छताकडे बघतो. तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्याच्या १.८४ पट जड असतं. त्यात वरून पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, आणि दोघांच्या सीमेवर इतकी उष्णता तयार होते की तो पातळसा थर जागीच उकळून फुटतो आणि उडताना सोबत अ‍ॅसिड घेऊन येतो. उलट केलं, तर जड अ‍ॅसिड खाली जातं, भोवती भरपूर पाणी असतं, उष्णता वाटली जाते. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की नियम पाठ करावा लागत नाही. आणि पाण्यातसुद्धा अ‍ॅसिड थोडं थोडं, ढवळत का टाकायचं हेही आपोआप कळतं.

अ‍ॅसिडची निदान भीती तरी असते. अल्कलीला आपण काही समजतच नाही. साबणासारखं बुळबुळीत लागतं, त्यात काय एवढं? अहो, ते साबणासारखं लागतं कारण तुमच्या कातडीवरच्या चरबीचा खरोखरच साबण होत असतो. डोळ्याच्या बाबतीत तर कॉस्टिक सोडा बहुतेक अ‍ॅसिडांपेक्षा वाईट. अ‍ॅसिडमुळे पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि तोच थर त्याला पुढे जायला काही प्रमाणात अडवतो. अल्कलीला असा अडसर लागत नाही, ती आत आत उतरत राहते. टायट्रेशनचं ०.१ नॉर्मल द्रावण तसं पातळ असतं, पण ऑरगॅनिकच्या टेबलावर १० टक्क्यांची बाटली उभी असते आणि दोन्ही दिसायला सारखी, पाण्यासारखी.

आता ब्युरेट कशी भरतो ते आठवा. स्टँड टेबलावर, ब्युरेटचं तोंड डोक्याच्या वर, त्यावर फनेल, आणि आपण टाचा उंचावून, मान वर करून ओततोय. फनेल घट्ट बसलेलं असेल तर खाली हवा अडकते, मग 'बुडुक' करून ती वर येते आणि द्रावण कडेने बाहेर. खाली कोण? आपलाच चेहरा. उपाय फुकटचा आहे. ब्युरेट स्टँडसकट खाली स्टुलावर घ्या, तोंड छातीच्या पातळीला आलं पाहिजे, फनेल किंचित उचलून धरा. दहा सेकंदांचं काम. पण 'असंच करतात' म्हणून वर्षानुवर्षं माना वर करून ओतणं सुरू आहे.

डोळ्यांवरून इतकं बोलतोय त्याला कारण आहे. ज्यांच्या नावाचा बर्नर तुम्ही रोज पेटवता त्या रॉबर्ट बुन्सेनची एका डोळ्याची दृष्टी आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात गेली होती. तो एकोणिसाव्या शतकातला माणूस, तेव्हा कुठले सेफ्टी गॉगल, असं म्हणाल. मग बॅरी शार्पलेस घ्या. रसायनशास्त्राचं नोबेल दोनदा मिळवणारा माणूस, २००१ आणि २०२२. १९७० साली ते एमआयटीमध्ये नव्याने शिकवायला लागले होते. एका रात्री घरी निघताना त्यांनी सेफ्टी ग्लासेस काढून ठेवले आणि दाराकडे जाता जाता एका विद्यार्थ्यापाशी थांबले. तो एक काचेची नळी सील करत होता. नळी उचलून उजेडात धरली. आत थंडीने द्रवरूप झालेला ऑक्सिजन साठलेला होता. नळी फुटली आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली. स्वतःचा प्रयोग चालू नव्हता, काम संपलेलं होतं, निघालेच होते. तरीही. शार्पलेस यांनी पुढे हा किस्सा स्वतः लिहून ठेवला, विद्यार्थ्यांना कळावं म्हणून.

म्हणून 'माझं टायट्रेशन झालं, मी फक्त कॅल्क्युलेशन करतोय' हे गॉगल काढायचं कारण होऊ शकत नाही. तुमचं झालं असेल. शेजारचा टेस्ट ट्यूबमध्ये तीव्र अ‍ॅसिड घालून तापवतोय, आणि ट्यूबचं तोंड तुमच्याकडे आहे.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसवर तर स्वतंत्र लेख होईल. दोनच गोष्टी सांगतो. सेकंड ग्रुपसाठी हायड्रोजन सल्फाइड लागतो, तो सडक्या अंड्याचा वास. थोड्या वेळाने वास येईनासा झाला की आपल्याला वाटतं गेला वायू. कदाचित गेलाही असेल, पण हा वायू नाकालाच बधिर करतो. १०० पीपीएमच्या आसपास वास घेण्याची क्षमताच काही मिनिटांत संपते. म्हणजे वास बंद होणं ही सुटकेची खूण नसून धोक्याची असू शकते. दुसरं, नायट्रेटच्या कन्फर्मेटरी टेस्टला तांब्याचे तुकडे आणि तीव्र सल्फ्युरिक घालून येणारा तो तपकिरी धूर. 'आला आला' म्हणून ट्यूब नाकाशी नेणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतात. तो नायट्रोजन डायऑक्साइड जास्त प्रमाणात छातीत गेला तर तेव्हा नुसता खोकला येतो, पण फुप्फुसात पाणी साठायला काही तासांनी सुरुवात होऊ शकते. तुम्ही तोवर घरी जेवत असता. या सगळ्यासाठी लॅबमध्ये फ्यूम कपाट नावाची वस्तू असते. अनेक ठिकाणी त्यात रिकाम्या बाटल्या आणि जुनी जर्नल्स रचलेली असतात, तो भाग वेगळा.

आणि तोंडाने पिपेट ओढणं. २०२० नंतरच्या दशकात यावर लिहावं लागतंय याचंच आश्चर्य वाटतं. रबरी बल्ब एका पिझ्झाच्या पैशात येतो. पुढे जाऊ.

आता अवघड मुद्दा. हे सगळं माहीत असूनही माणसं चुकतात, कारण लॅबमध्ये आपल्याला सगळ्यात जास्त भीती अ‍ॅसिडची नसते, लाजेची असते. टेस्ट ट्यूब फुटली तर ब्रेकेज भरावं लागेल, शिवाय मॅडम सगळ्यांसमोर बोलतील. मग काचा हळूच सिंकमध्ये. संध्याकाळी ते सिंक कोण साफ करतं? मामा. उघड्या हातांनी. लॅबमध्ये सगळ्यात जास्त तास घालवणारा, सगळ्यात जास्त रसायनं हाताळणारा आणि ज्याच्यासाठी कुणीच अ‍ॅप्रनची सक्ती करत नाही असा तो एकटा माणूस. हातावर थेंब उडाला तरी आपण नळाखाली दोन सेकंद हात धरतो आणि 'काही नाही, काही नाही' म्हणतो. प्रश्न विचारावा तर मागून कुणीतरी 'घाबरट' म्हणतं. ब्रेकेजचा दंड लावून कॉलेजला चार टेस्ट ट्यूबचे पैसे परत मिळतात आणि मुलं लपवायला शिकतात. हा सौदा तोट्याचा आहे. काच फुटल्याचं लगेच सांगणाऱ्याकडून दंड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

न विचारण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या प्रकरणात दिसलं. २९ डिसेंबर २००८. शेरी सांगजी, वय २३, कॉलेज नुकतंच संपवून संशोधन सहायक म्हणून लागलेली. ती टर्ट-ब्युटिल लिथियम सिरिंजने काढत होती, जे हवा लागताच पेटतं. प्लॅस्टिकच्या सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगात सिंथेटिक स्वेटर, वर लॅब कोट नाही. १८ दिवसांनी ती गेली. त्याच लॅबमध्ये लोक कोट घालत नाहीत, हे दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत नोंदवलं गेलं होतं. नोंद झाली, बदललं काहीच नाही. पुढे प्रकरण फौजदारी कोर्टापर्यंत पोचलं. इथे एक लक्षात घ्या, अ‍ॅप्रन कॉटनचाच का हवा त्याचं उत्तर याच घटनेत आहे. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. बाजारात मिळणारे चकचकीत, इस्त्री न लागणारे अ‍ॅप्रन कशाचे असतात ते लेबलवर वाचा.

तिकडचं सोडा म्हणाल, तर बरोबर एका वर्षाने, २९ डिसेंबर २००९ ला, आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात केमिस्ट्रीच्या लॅबला लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधक गेले. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये सिलिंडरच्या स्फोटात एक. देशातल्या उत्तम संस्थांची ही गोष्ट. आपल्या कॉलेजात एवढी स्फोटक रसायनं नसतात हे खरं. पण तिथे पोचणारी मुलं सवयी आपल्याच लॅबमधून घेऊन जातात.

आणि आपल्या लॅबमध्ये येणारी मुलं काय घेऊन येतात? अनेक ठिकाणी अकरावी-बारावी क्लासच्या टाय-अप कॉलेजात जाते. नीट आणि सीईटीच्या धबडग्यात प्रॅक्टिकल म्हणजे बोर्डाच्या परीक्षेआधी चार दिवस आणि उतरवून काढलेलं जर्नल. ३० मार्क पदरात पडतात. मग एफवायला, नाहीतर फार्मसीला, हातात खरीखुरी तीव्र नायट्रिकची बाटली येते, आणि ती कशी धरायची, लेबल तळहाताकडे का ठेवायचं, हे आयुष्यात पहिल्यांदाच कळतं. कळवणारे सर तासिका तत्त्वावर, एका वेळी दोन बॅचेस बघणारे. मी सरांना दोष देत नाहीये. एवढंच म्हणतोय की कोणीतरी सांगेल म्हणून थांबू नका.

प्रयोगाच्या आदल्या रात्री जर्नलमध्ये एम, अ‍ॅपरेटस, प्रोसीजर लिहिताच ना, त्याच पानावर अजून एक ओळ लिहा : यात काय बिघडू शकतं? रसायनाचं नाव आणि 'सेफ्टी डेटा शीट' एवढं फोनवर टाकलं तर दोन मिनिटांत सापडतं. रीलला त्याहून जास्त वेळ जातो. ती ओळ न सुचल्यास दुसऱ्या दिवशी प्रयोगाआधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत बर्नर पेटवू नका. परीक्षकांनी या ओळीला दोन मार्क ठेवले तर चित्र एका वर्षात बदलेल. मार्कांशिवाय आपण काही वाचत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

डोळ्यात काही गेलंच, तर सरांना शोधत फिरायचं नाही. आधी पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, कुणाला तरी घड्याळ लावायला सांगून. पाच मिनिटांनी बरं वाटतं, तरी पंधरा. अ‍ॅसिड गेलं म्हणून डोळ्यात सोड्याचं पाणी घालायचं नाही. मग डॉक्टर, आणि कुठलं रसायन होतं ते कागदावर लिहून सोबत.

हे पाणी येणार कुठून, हे मात्र आधी माहीत हवं. पुढच्या प्रॅक्टिकलला हजेरी व्हायच्या आत लॅबमधला आयवॉश शोधा. नसेल तर टेबलाजवळचा नळ. तो सोडून बघा. गंजाचं तांबडं पाणी आलं, किंवा काहीच आलं नाही, तर मामांना सांगून उपयोग नाही, त्यांनी ते दहा वेळा सांगितलेलं असतं. एचओडींच्या नावे अर्ज लिहा, खाली पूर्ण बॅचच्या सह्या घ्या आणि एक प्रत प्राचार्यांच्या ऑफिसात देऊन पोच घ्या. त्याच अर्जात दुसरी मागणी टाका : बॅचमधल्या प्रत्येकासाठी सेफ्टी गॉगल, आणि मामांसाठी गॉगलसोबत हातमोजेही.