शिधा हेही औषधच

क्षयरोगावरील नव्या औषधाची बातमी आपण उत्साहाने पुढे पाठवतो. शिध्याची बातमी मात्र तिथेच अडते. कुम्हारीत बसून हे लिहिताना आमच्याच छत्तीसगडमधील गनियारी आठवते. तेथील जन स्वास्थ्य सहयोग संस्थेत आलेल्या क्षयरुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी स्त्रियांचे मध्यक वजन होते सुमारे ३४ किलो. प्रौढ स्त्रियांचे!

त्या अभ्यासातील अनुराग व माधवी भार्गव यांनी पुढे सहकाऱ्यांसह झारखंडमध्ये ‘राशन्स’ ही चाचणी केली. रुग्णांच्या ज्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ व सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात नव्या क्षयरोगाचे प्रमाण इतर कुटुंबांच्या तुलनेत ३९ टक्क्यांनी कमी आढळले. ‘लॅन्सेट’ने २०२३ मध्ये हे छापले.

तरी ‘अन्न हा कल्याणाचा विषय, वैद्यकाचा नव्हे’ हे पालुपद सुटत नाही. शासन रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देई. २०२४ मध्ये त्याचे १००० झाले. हे योग्यच. परंतु त्याच्या घरच्यांचा शिधा ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या दात्यांच्या इच्छेवर सोडलेला आहे. रिफॅम्पिसिनच्या गोळीसाठी आपण दाता शोधतो काय?