पोंवळ्यांच्या माथ्यावर पाय
मालवणच्या समुद्रांत पहिल्यानेंच बुडी मारणाऱ्यास प्रवाळ दाखविलें, कीं त्याच्या ठायीं समुद्रप्रेम उपजतें, असा युक्तिवाद हल्लीं ऐकूं येतो. आम्हांस तो मान्य नाहीं. पाठीवर हवेचें नळकांडें बांधलेल्या नवशिक्यास पाण्यांत अधांतरीं स्थिर राहतां येत नाहीं. तोल गेला कीं पाय टेकतो तो प्रवाळावरच. आणि प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती सूक्ष्म जीवांची वसाहत, कित्येक जाती तर वर्षाला बोटाच्या पेराएवढ्याही न वाढणाऱ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत ती वाघाच्या पंक्तीस बसली आहे. वाघाच्या पाठीवर उभें राहून छायाचित्र काढविण्यास व्याघ्रप्रेम कोणी म्हणेल काय? (माशांना पाव चारण्याविषयीं न बोललेलेंच बरें.) आधीं पोहण्याच्या तलावांत तोल सांभाळावयास शिकवा, मग प्रवाळाकडे न्या, धंद्यास तेवढा विलंब खास सोसेल.