एक रायफल, तीन काडतुसे



वर्ध्याहून बडनेऱ्याकडे जाताना वाटेत पुलगाव लागते. येथून पूर्वी आर्वीला जाणारी छोटी गाडी सुटत असे. मुख्य मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर आणि आर्वीच्या मार्गाचे ७६२. त्यामुळे आर्वीकडचा माल पुलगावला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. ती गाडी आता बंद झाली आहे, पण ७६२ हा आकडा ध्यानात ठेवा. सैन्यातील एका प्रसिद्ध रायफलीच्या नळीचा आतील व्यास ७.६२ मिलिमीटर, म्हणजे त्या रुळांतील अंतराचा बरोबर शंभरावा भाग! एक ३० इंच, दुसरा ०.३० इंच. आहे अर्थात योगायोगच. परंतु याच पुलगावात देशातील एक अतिशय मोठे दारूगोळा कोठार आहे, म्हणून हा योगायोग मला नेहमी आठवतो.

नळीच्या या व्यासाला कॅलिबर म्हणतात. आपल्या सैन्यात इन्सास रायफल ५.५६ मिलिमीटरची, तर एके जातीची ७.६२ ची. मग एकाच रायफलीत दोन्ही काडतुसे का चालू नयेत, असे वर्गात कोणी ना कोणी विचारतेच. प्रश्न चांगला आहे. पुण्याच्या पाषाण भागातील एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने अशी रायफल तयारही केली. ५.५६, ६.८ आणि ७.६२ अशा तीन कॅलिबरांची ही रायफल २०१४ च्या सुमारास लोकांसमोर आली. सैन्यानेही २०११ मध्ये परदेशी कंपन्यांकडून दोन कॅलिबरांच्या रायफलींसाठी निविदा मागविल्या होत्या. २०१५ मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली. माझ्या मते ते योग्यच झाले. का, ते पाहू.

नळी बदलली की काम झाले, असे वाटते. तसे नाही. काडतुसाचे बूड बोल्टमध्ये बसते. ५.५६ चे बूड सुमारे ९.६ मिलिमीटर रुंद, तर एकेच्या काडतुसाचे ११.३. म्हणजे बोल्टही बदलला पाहिजे. एकेचे काडतूस पुढे निमुळते होत जाते. अशी काडतुसे एकावर एक रचली की आपोआप कमान होते, म्हणूनच एकेचे मॅगझिन केळ्यासारखे वाकडे असते! तेव्हा मॅगझिनही बदलले. गोळीचा वेग निराळा, म्हणजे ती वाटेत खाली किती पडेल तेही निराळे, आणि त्यामुळे नेम नव्याने जुळवावा लागतो.

आता धक्क्याचे गणित करा. ५.५६ ची गोळी सुमारे ४ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९०० मीटर. संवेग ३.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. एकेची गोळी ८ ग्रॅमची, वेग सुमारे ७१०. संवेग ५.७. जुन्या एसएलआरची गोळी साधारण ९.५ ग्रॅमची, वेग ८४०. संवेग ८. रायफल ४ किलोची धरली आणि स्फोटातून निघणारा वायू तूर्त सोडून दिला, तर ती अनुक्रमे ०.९, १.४ आणि २ मीटर प्रतिसेकंद वेगाने खांद्यावर येईल. जी चौकट तिसरा धक्का सोसण्याइतकी दणकट केली, ती पहिल्यासाठी विनाकारण जड. जी पहिल्यापुरती हलकी केली, ती तिसऱ्यापुढे लवकर झिजेल.

येथे शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. कॅलिबर हा एकच आकडा पाठ करून घेऊ नका. एके आणि एसएलआर दोन्ही ७.६२ च्याच, पण एकीच्या काडतुसाचे कवच ३९ मिलिमीटर लांब आणि दुसरीचे ५१. एकीचे दुसरीत चालत नाही. एन.सी.सी.तील मुले .२२ ची रायफल चालवतात. तो व्यास ५.६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ इन्सासइतकाच. पण तिची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने गेली, तर ऊर्जा १४० ज्यूल. इन्सासच्या गोळीची १६२० ज्यूल! फरक व्यासाचा नाही, मागच्या दारूचा आणि ती पेलणाऱ्या पोलादाचा आहे.

तरीही अभियंते हे सारे जमवतात, आणि पाषाणच्या मंडळींचे कौतुक केलेच पाहिजे. माझा आक्षेप दुसरा आहे. रायफल तीन काडतुसे खाऊ लागली, तरी काडतुसे तीनच राहतात. ती तीन प्रकारांनी बनवायची, तपासायची, वेगळी साठवायची, आणि ऐन वेळी योग्य पेटी योग्य ठाण्यावर पोहोचवायची. शिवाय सुट्या नळ्या, बोल्ट आणि मॅगझिने आलीच. आर्वीच्या गाडीला दोन्ही रुळांवर चालणारी चाके बसविण्यासारखाच हा प्रकार. खरा उपाय रुळ एकसारखे करण्याचा. भारतीय रेल्वेने १९९२ पासून तोच मार्ग धरला. सैन्याने मात्र २०१९ मध्ये ७.६२ × ५१ ची आणि २०२१ मध्ये ७.६२ × ३९ ची रायफल घेण्याचे करार केले, आणि ५.५६ ही आहेच. कामे वेगळी म्हणून काडतुसे वेगळी, हे कारण मला कळते. पण तीन प्रकारांचा खर्च कागदावर कोठे तरी मांडला जावा, असे वाटते.

तो खर्च केवळ रुपयांचा नसतो, हे वर्धा जिल्ह्याला सांगायला नको. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या कोठारात आग लागली. विझविण्यास गेलेले जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले, आजूबाजूची गावे रातोरात रिकामी झाली. तेथे पेटला तो दारूगोळा रायफलीचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु कोठार तेच, माणसे तीच. आणि कोणतीही दारू कायम टिकत नाही. जुनी झाली की ती नष्ट करावी लागते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी असाच कालबाह्य दारूगोळा नष्ट करताना पुलगावजवळ स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत जवळच्या गावांतले, पेट्या उतरवायला गेलेले मजूरही होते.