पासपोर्ट ‘हरवला’ म्हणून लिहू नका

आखातातून इमर्जन्सी सर्टिफिकेटवर परत आलेला आपला माणूस नवा पासपोर्ट काढायला निघाला, की फॉर्म भरून देणारा एजंट त्याला दोन सल्ले हमखास देतो. एक, प्रतिज्ञापत्रात ‘पासपोर्ट हरवला’ एवढंच लिही. दोन, सर्टिफिकेटवर आलास हे सांगूच नको, उगाच चौकशी मागे लागेल. दोन्ही सल्ल्यांना आमचा ठाम विरोध आहे.

इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे पासपोर्ट हाताशी नसलेल्या भारतीयाला मायदेशी येण्यापुरता दूतावासाने दिलेला एकेरी प्रवासाचा कागद. इथे उतरलो की त्याचं काम संपलं. पुढे पासपोर्ट सेवा केंद्रात रि-इश्यूचा अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जातच सर्टिफिकेटवर परत आलात का, हा प्रश्न आहे. क्रमांक, तारीख, कोणी दिलं, का दिलं, सगळं विचारतात. म्हणून विमानात बसण्याआधीच त्याचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा. माहिती लपवली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एजंटला नाही, सही करणाऱ्याला.

पण आमचा खरा मुद्दा ‘हरवला’ या शब्दाचा आहे. घरकामाला, बांधकामावर, ड्रायव्हर म्हणून गेलेल्या कित्येकांचा पासपोर्ट पहिल्याच दिवशी मालक काढून घेतो. पगार थकला, मारहाण झाली तरी माणूस हलू शकत नाही. याला हरवणं म्हणायचं? १९६७ च्या त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं की पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे मालकाने मजुराची वस्तू तर अडवलीच, भारत सरकारचीही अडवली. आणि भुर्दंड कोणाला? साध्या रि-इश्यूला १,५०० रुपये, हरवलेल्याच्या जागी ३६ पानांचा नवा घ्यायला ३,०००. सरकारी खर्चाने परत आणलेल्याला तर तत्काळची सोयही नाही. दुप्पट पैसे मजुरानेच भरायचे आणि निष्काळजी म्हणूनही त्यानेच नाव लावून घ्यायचं!

माणसाला कागदाने बांधून राबवणं आपल्याला नवं नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाबाबतचं विधेयक मांडलं, ते याच वेठीच्या विरोधात. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली. त्या कलमाचा हात आखातातल्या मालकापर्यंत पोचत नाही, हे मान्य. पण आपल्याच माणसाने आपल्याच सहीने त्या वेठीचा पुरावा पुसून टाकावा, हे कशासाठी?

काउंटरवर ‘हरवल्याचाच नमुना द्या’ असं ऐकवतील. द्या. पण पासपोर्ट कोणत्या परिस्थितीत गेला हे त्या प्रतिज्ञापत्रात लिहायचंच असतं. तिथे मालकाचं नाव, ठिकाण, तारीख आणि ‘ठेवून घेतला, मागूनही दिला नाही’ हे स्पष्ट लिहा. दूतावासाला दिलेल्या अर्जाची प्रत, ‘मदद’ पोर्टलवरच्या तक्रारीचा क्रमांक सोबत जोडा. थकलेल्या पगाराचा दावा पुढेमागे करायचा झाला, तर हेच कागद कामी येतील.

वस्तीत असं कोणी परतलं असेल, तर शिकलेल्या पोरांनी नुसती लिंक पाठवून मोकळं होऊ नये. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी घरी जाऊन त्याच्याकडून सगळी हकीकत ऐका, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि सहीआधी त्याला वाचून दाखवा.