खाटेशेजारची परीक्षा



यंदाचा अंक आरोग्यावर काढायचं ठरलं, तेव्हाच सुरुवात निवासी डॉक्टरांपासून करायची हेही ठरलं. सरकारी रुग्णालयात मध्यरात्री आपल्या माणसाला आधी तपासतात ते हेच.

एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर्षभर इंटर्नशिप आणि मग ‘नीट-पीजी’ ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा. साडेतीन तास, २०० प्रश्न, ८०० गुण; चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. इथल्या क्रमांकावरून ठरतं, की हा डॉक्टर बालरोगतज्ज्ञ होणार, भूलतज्ज्ञ होणार, की आणखी एक वर्ष अभ्यासिकेत बसणार. त्यामुळे प्रसूतिकक्षात आणि अपघात विभागात हात बसवण्याचं इंटर्नशिपचं वर्ष अनेकांना प्रश्नसंच सोडवण्यात घालवावं लागतं. जून २०२४ मध्ये तर आदल्या रात्री परीक्षा पुढे ढकलली. ती झाली ११ ऑगस्टला. त्याआधी २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली. ही परीक्षा जागांचं वाटप करते, एवढंच तिचं काम.

तज्ज्ञ घडतो पुढच्या तीन वर्षांत, एमडी किंवा एमएस करताना. प्रबंध, लेखी पेपर आणि शेवटी प्रात्यक्षिक. तिथे खराखुरा रुग्ण असतो. त्याला बोलतं करायचं, हातांनी तपासायचं, परीक्षकांपुढे केस मांडायची आणि त्यांच्या प्रत्येक ‘का?’ला उत्तर द्यायचं. आमचा भरवसा या परीक्षेवर आहे. पण तिची तयारी वॉर्डातच होते, आणि त्यासाठी शिकवायला अध्यापक हवेत, शिकणाऱ्याला पुरेशी झोप हवी. बरी वसतिगृहं, सुरक्षितता, वेळेवर विद्यावेतन या निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ संघटनेच्या जुन्याच मागण्या आहेत. त्या मान्य झाल्या, तर उपचार आपलेच सुधारतील.

आपलीही एक जबाबदारी आहे. डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचावा, शंका आली तर विचारावं. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे: परीक्षेची जाहीर झालेली तारीख पाळा आणि वैद्यकीय महाविद्यालयांतली अध्यापकांची रिक्त पदं भरा. वाचकहो, ही मागणी तुम्हीही आपल्या आमदारापुढे ठेवा.



— संपादक